हँडगनची गोळी लागूनही हरीण हाती लागत नाही: काय तपासावं, कोणत्या क्रमाने

अमेरिकेत हँडगनने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणाऱ्यांची तक्रार दर हंगामात तीच असते. नेम बसला, हरीण उसळलं, झाडीत शिरलं आणि गेलं. मग दुकानात जाऊन पुढचं मोठं कॅलिबर (गोळीच्या व्यासाचं माप) बघायला सुरुवात होते. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. हँडगनची गोळी ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच नीट काम करते. तो पट्टा रायफलच्या मानाने फारच अरुंद असतो, आणि हरणापर्यंत पोचताना तुमची गोळी त्या पट्ट्यात आहे की नाही, एवढंच बहुतेक वेळा शोधायचं असतं.

हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद आहे.

लक्षणं

नेमकं काय बिघडलं ते आधी ओळखा. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन बिघाडांचे उपाय इथे एकमेकांच्या उलट आहेत.

हरीण शंभर-दीडशे यार्ड पळालं, रक्ताचा माग जवळजवळ नाही, आणि सापडल्यावर आत शिरण्याचं आणि बाहेर पडण्याचं अशी दोन्ही भोकं बोटाएवढीच दिसतात. म्हणजे गोळी न फुलता (टोक पसरून रुंद न होता) आरपार गेली. अंगात सापडलेली गोळी नव्यासारखी असेल आणि टोकाची पोकळी केस-चरबीने बुजलेली असेल, तर मूळ तेच आहे: वेग कमी पडला किंवा गोळी गरजेपेक्षा कडक होती.

आत शिरण्याचं भोक आहे पण बाहेर पडण्याचं नाही, खांद्याचं मांस काळंनिळं झालंय आणि त्यात तांब्याच्या आवरणाचे नि शिशाचे तुकडे अडकलेत. ही गोळी वरच्या वर फुटली. वेग जास्त झाला किंवा गोळी गरजेपेक्षा मऊ होती. इथे मोठ्या मॅग्नमकडे (जास्त जोरदार काडतुसाकडे) गेलात आणि गोळी त्याच जातीची ठेवलीत, तर बिघाड वाढेल.

कागदावर भोकं विखुरलेली असतील, किंवा एखादं गोल नसून लांबट असेल, तर गोळी हवेत डगमगते आहे किंवा हात हलतो आहे. चार-पाच बारांनंतर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं) फिरायचं थांबत असेल, तर बहुधा काडतुसातली गोळी पुढे सरकते आहे.

पहिली तपासणी, फुकट: चूक गोळीची होती का?

हरीण साफ करताना जखमेचा मार्ग बोटाने शोधा. नेमाची जागा पुढच्या पायाच्या मागच्या कडेला, छातीच्या खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर असते. तिथून दोन्ही फुप्फुसं आणि हृदयाचा वरचा भाग सापडतो. गोळी त्याच्या मागे, पोटात गेली असेल तर जगातली कोणतीही गोळी तुमचं काम करणार नाही. वर, पाठीच्या कण्याखाली गेली असेल तर फुप्फुसाच्या वरच्या कडेला छोटं भोक पडतं, रक्त छातीच्या आतच साठतं आणि जमिनीवर थेंब पडत नाही. भोक जितकं खाली, तितका माग चांगला. म्हणूनच मचाणावरून खाली मारताना बाहेर पडण्याचं भोक मिळणं इतकं महत्त्वाचं असतं. आत शिरण्याचं भोक तिथे वरच असतं.

हरीण सापडलंच नसेल तर रक्त बघा. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. गडद लाल असेल तर यकृत, नाहीतर नुसता स्नायू. हिरवट-तपकिरी आणि वास येणारं असेल तर आतडी. फुप्फुसाची खात्री असेल तरी अर्धा तास थांबा. यकृताला तीन-चार तास, आतड्याला सहा ते आठ तास द्या. घाईने मागे गेलं की आडवं झालेलं हरीण उठतं आणि पुन्हा पळतं. मग दोष गोळीवर येतो.

दुसरी, तीही फुकट: खोका वाचा

खोक्यावर गोळीची जात, वजन ग्रेन या बारीक एककात आणि वेग छापलेला असतो. संपूर्ण तांब्याचं आवरण असलेली, गोल टोकाची सरावाची गोळी असेल तर ती बाजूला ठेवा. ती फुलत नाही आणि बऱ्याच राज्यांत हरणासाठी चालत नाही.

स्वसंरक्षणाच्या गोळ्या ही दुसरी, जास्त फसवी चूक. पोकळ टोक दिसलं की लोक शिकारीची गोळी समजून घेतात. या गोळ्या एफबीआयच्या कसोटीवर घडवलेल्या असतात: जिलेटीनमध्ये १२ ते १८ इंच जाऊन थांबायचं. माणसाच्या आकारासाठी ते ठीक. तिरक्या उभ्या हरणाचा खांदा, फासळ्या, फुप्फुस आणि पलीकडची कातडी एवढं सगळं पार करायला ती पुरेलच असं नाही. ३५७ मॅग्नममधली ११० आणि १२५ ग्रेनची वेगवान गोळी याचं ठळक उदाहरण. खांद्याच्या हाडावर ती पसरते आणि तिथेच संपते.

त्याच बैठकीत राज्याचे नियम उघडा. ओहायोत हँडगनला किमान ५ इंचांची नळी आणि सरळ भिंतीचं (तोंडाशी निमुळतं न झालेलं), ३५७ किंवा त्याहून मोठं काडतूस लागतं. मिशिगनच्या दक्षिणेकडच्या मर्यादित पट्ट्यात ३५ कॅलिबर किंवा मोठं, सरळ भिंतीचं काडतूस हवं. पेनसिल्व्हेनियात गोळी पूर्ण शिशाची किंवा आघाताने फुलणारी हवी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्य प्राण्यासाठी शिशाची गोळी चालत नाही. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून चालू हंगामाची पुस्तिकाच धरा.

आपल्या वाचकांपैकी अनेक जण एच-वन-बी किंवा एल व्हिसावर असतात. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्याला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस, दोन्ही बाळगायला मनाई आहे. अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. मित्राची बंदूक नेमबाजीच्या मैदानावर हातात घेणं हेही ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. हँडगनसाठी काही राज्यांचे वेगळे परवाने असतात. इथे अंदाज करू नका, वकिलाला विचारा.

तिसरी, दहा-वीस काडतुसांची: अंतर

आठ इंची कागदी ताटली लावा. शिकारीत ज्या स्थितीत बसता त्याच स्थितीतून मारा: गुडघ्यावर टेकून, काठीच्या आधाराने किंवा झाडाला पाठ लावून. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून काढलेला गट इथे उपयोगाचा नाही. ज्या अंतरावर सगळे बार ताटलीत बसतात ती तुमची मर्यादा. एक जरी बाहेर गेला तरी जवळ या. उघड्या (दुर्बिणीशिवायच्या) साइटवर अनेकांची मर्यादा ५० यार्डांच्या आत असते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

अंतराचा संबंध गोळीच्या फुलण्याशीही आहे. ४४ मॅग्नमची २४० ग्रेनची कारखान्यातली गोळी साडेसात इंची नळीतून सेकंदाला सुमारे १३५० फुटांनी सुटते. १०० यार्डांवर ती ११०० फुटांच्या आत आलेली असते. नेम ५० यार्डांवर जुळवलेला असेल तर तिथे ती साधारण सहा इंच खालीही लागते. म्हणजे ५० यार्डांवर मस्त फुललेली तीच गोळी १०० यार्डांवर खाली लागते आणि कमी फुलते. दोन्ही दोष एकदम येतात, आणि शिकाऱ्याला वाटतं की खोकाच खराब निघाला.

चौथी: खरा वेग मोजा

खोक्यावरचा वेग कंपनीच्या चाचणीच्या नळीचा असतो, तुमच्या नळीचा नव्हे. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो. नळी आखूड झाली की मॅग्नमचा वेग इंचामागे साधारण २५ ते ५० फुटांनी उतरतो. चार इंची ४४ आणि साडेसात इंची ४४ यांच्यासाठी म्हणूनच एकच गोळी योग्य असेलच असं नाही. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, शंभर-दीडशे डॉलरला मिळतो, आणि क्लबमध्ये कुणाकडे तरी असतोच. तो बंदुकीच्या तोंडापासून दहा-पंधरा फुटांवर ठेवा, पाच बारांची सरासरी काढा आणि ती खोक्यावर लिहून ठेवा. मग गोळी बनवणाऱ्याने दिलेला वेगाचा पट्टा बघा आणि त्यात तुमचा मुक्कामाचा वेग बसतो का ते तपासा. मुक्कामाचा म्हणजे हरणापाशी असलेला. नळीतून सुटतानाचा वेग इथे उपयोगाचा नाही.

पाचवी: गोळी बदला, आणि इथे घाई करू नका

वेगवान रायफलची गोळी मांस जोराने ताणून फाडते. १३०० फुटांच्या हँडगनमध्ये तसं काही घडत नाही. गोळी जेवढं स्वतः कापते तेवढीच जखम. ‘हरणासाठी हजार फूट-पौंड ऊर्जा हवीच’ हा रायफलवाल्यांचा हिशोब इथे लावू नका. वरची ४४ ची २४० ग्रेन गोळी सुटताना सुमारे ९७० फूट-पौंडांची, ३५७ ची १५८ ग्रेन १२५० फुटांवर सुमारे ५५० ची. दोन्हींनी नीट ठिकाणी हरीण पडतं, कारण काम भोकाचा व्यास आणि खोली करतात. फुलून व्यास दीडपट झाला की भोकाचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. पण फुलण्याच्या नादात आरपार जाणं गमावलंत तर सौदा तोट्याचा. दोन्हीपैकी एकच मिळणार असेल तर मी दोन भोकं घेईन.

३५७ मॅग्नमला सहा इंची किंवा लांब नळी आणि १५८ ग्रेनची हॉर्नाडी एक्सटीपी किंवा त्या जातीची शिकारीची पोकळ टोकाची गोळी घ्या, अंतर ५० यार्डांच्या आत ठेवा आणि हरीण तुमच्याकडे बाजू करून आडवं उभं असेल तरच मारा. १८० ग्रेनची जड गोळी खोल जाते, पण छोट्या नळीतून तिचा वेग इतका उतरतो की फुलण्याची खात्री राहत नाही. पहिलं लक्षण ३५७ वाल्यांना बहुतेक इथूनच येतं. १० मिमी ऑटोलाही साधारण हाच हिशोब: १८० किंवा २०० ग्रेनची शिकारीची गोळी.

४४ मॅग्नममध्ये २४० ग्रेनची एक्सटीपी हा हरणासाठीचा सगळ्यात सरळ पर्याय आहे, आणि बहुतेकांनी इथेच थांबावं. १८० आणि २०० ग्रेनच्या पोकळ गोळ्या फार वेगाने सुटतात आणि हाडावर लवकर फुटतात. ३०० ग्रेनची एक्सटीपी हरणाच्या छातीत पुरेशी फुलत नाही, ती जास्त दांडग्या प्राण्यांसाठी आहे. तिरक्या बारासाठी खात्री हवी असेल तर स्विफ्ट ए-फ्रेम किंवा नॉस्लर पार्टिशन घ्या. त्यांच्यात पुढच्या आणि मागच्या भागामध्ये तांब्याचा पडदा असतो. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत ढकलत जातो. त्या महाग आहेत. नेम जुळवायला स्वस्त गोळी वापरून शेवटच्या दिवशी महाग गोळी भरू नका. दोन्ही एकाच ठिकाणी लागतील असं नाही.

जड गोळी उघड्या साइटवर वर लागते, खाली नाही. हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात धक्क्याने नळी वर उचलली जाते. २४० वरून ३०० वर गेलात तर साइट पुन्हा जुळवावीच लागते.

४५ कोल्टमध्ये एक धोका आहे. १८७३ सालच्या या काडतुसाचा प्रमाणित दाब फक्त १४,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे. बाजारात मजबूत आधुनिक रिव्हॉल्व्हरसाठी भरलेली फार जोरदार ४५ कोल्टही मिळतात. जुन्या कोल्टमध्ये किंवा तिच्या नकलेत ती घातलीत तर सिलिंडर फुटू शकतं. खोक्यावर बंदुकांची नावं किंवा इशारा छापलेला असतो, तो शब्दशः पाळा. साध्या दाबाच्या ४५ कोल्टसाठी २५० ग्रेनची रुंद सपाट टोकाची किंवा त्या वेगासाठीच बनलेली पोकळ गोळी ठीक.

४५४ कॅसुल (६५,००० पीएसआय) आणि ४६० स्मिथ अँड वेसनमध्ये हाच गोंधळ उलटा होतो. त्यांच्या गोळीचा व्यासही ०.४५२ इंच. ४५ कोल्टच्या वेगासाठी बनलेली गोळी त्यातून सोडली तर हरणाच्या खांद्यावर ती चिंधड्या होते. दुसरं लक्षण हमखास इथलं. हॉर्नाडीच्या एक्सटीपी-मॅगसारखी, जाड आवरणाची गोळीच घ्या. ५०० स्मिथ अँड वेसन हरणासाठी लागतच नाही. असेल तर हलकी गोळी वापरा आणि हात सांभाळा.

शुद्ध तांब्याच्या गोळ्या, उदाहरणार्थ बार्न्सच्या, कॅलिफोर्नियात चालतात आणि इतरत्रही चांगल्या आहेत. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाला गोळी लांब होते. वजन एक पायरी खाली घ्या: ४४ ला २०० किंवा २२५ ग्रेन. तांबं कमी वेगाला फुलत नाही, तेव्हा चौथी तपासणी इथे वगळू नका.

एकबारी पिस्तुलं, थॉम्पसन-सेंटर कंटेंडर किंवा एन्कोर, यांच्यात ७-३० वॉटर्स, ३०-३० किंवा (फक्त एन्कोरमध्ये) ३०८ असली रायफलची काडतुसं चालतात. चौदा-पंधरा इंची नळीतून त्यांचा वेग रायफलपेक्षा शेकडो फुटांनी कमी असतो, म्हणून लांब पल्ल्याच्या रायफलसाठी बनवलेली कडक गोळी तिथे सुईसारखी आरपार जाते. ३०-३० च्या वेगासाठी घडवलेली, पातळ आवरणाची गोळी निवडा.

ओतीव शिशाची गोळी

हँडगन-शिकारीवर लिहिणारा अमेरिकन लेखक एल्मर कीथ याच्या काळापासून सपाट टोकाची ओतीव गोळी हरणावर चालत आली आहे. कडक ओतीव गोळी फुलत नाही. तिचं काम टोकाच्या सपाटीच्या रुंदीवर चालतं, म्हणून रुंद सपाट टोक घ्या, गोल टोक नको. फार कडक मिश्रणही नको. कडकपणाच्या ब्रिनेल मापावर १२ च्या आसपासची गोळी बऱ्याच कामांना पुरते. २२ ची लायनोटाइपची (छापखान्याच्या कडक मिश्रधातूची) गोळी हाडावर तुटू शकते. नळीत शिशाचा थर बसत असेल तर आधी कडकपणाला दोष देऊ नका. गोळीचा व्यास सिलिंडरच्या तोंडाच्या मापाला कमी पडतो आहे का ते बघा. फटीतून तापलेला वायू कडेने निसटतो आणि शिसं वितळवतो. ४४ मध्ये ०.४३० आणि ०.४३२ इंचांतला फरकही दिसून येतो.

सहावी: पाण्याचे कॅन

गॅलनचे रिकामे दुधाचे प्लॅस्टिक कॅन पाण्याने भरून पाच-सहा एका रांगेत लावा. मागे भक्कम मातीचा बंधारा हवा आणि मैदानाची परवानगी हवी. ज्या अंतरावर शिकार करता त्याच अंतरावरून मारा. दहा यार्डांवरून केलेली चाचणी वेगाबद्दल खोटं सांगते. पाणी मांसापेक्षा गोळीला सहज फुलवतं. तेव्हा पाण्यात न फुललेली गोळी हरणात फुलणार नाही, हे पक्कं. उलट बाजू तेवढी पक्की नाही. दुसऱ्याच कॅनमध्ये तुकडे होऊन थांबली तर ती हरणासाठी नको. सापडलेल्या गोळीचं वजन करा. २४० पैकी २०० च्या वर राहिली तर बांधणी चांगली.

सातवी: गोळी पुढे सरकते आहे का

सहा काडतुसं भरा. सहाव्याची लांबी कॅलिपरने मोजून घ्या. पाच बार काढा, बंदूक रिकामी करा आणि सहावं पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर धक्क्याने गोळी काडतुसातून बाहेर येते आहे. हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळ्यांना हे जास्त होतं, आणि टोक पुढे आलं की सिलिंडर अडकतं. कारखान्याचं काडतूस असेल तर बनावट बदला. घरी भरत असाल तर काडतुसाच्या तोंडाची दुमड कमी पडते आहे.

भोकं विखुरलेली असतील तर सोबत्याला सिलिंडरमध्ये मध्येच एखादं नकली काडतूस भरायला सांगा, तुम्हाला न दाखवता. घोडा नकली काडतुसावर पडताना नळी खाली झुकली तर दोष हातात आहे. उपाय हलकी काडतुसं आणि रिकाम्या बंदुकीचा सराव.

इथे थांबा

बार फुसका वाजला, धक्का कमी जाणवला, तर पुढचा बार काढू नका. तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबा, रिकामी करा, नळीत गोळी अडकली आहे का बघा. अडकली असेल तर ती स्वतः ठोकून काढू नका. गनस्मिथकडे द्या.

बार काढताना शिशाचे कण तोंडावर किंवा शेजाऱ्याच्या हातावर येत असतील तर सिलिंडर नळीच्या सरळ रेषेत थांबत नाही. रिकामी काडतुसं चिकटून बाहेर निघत नसतील, तळाशी चपटी झाली असतील, सिलिंडर हलवल्यावर डुगडुगत असेल किंवा नळीच्या मागच्या तोंडाला तडा दिसत असेल, तर बंदूक वापरायची बंद. स्मिथ अँड वेसनच्या के-फ्रेम (मध्यम आकाराच्या सांगाड्याच्या) मॉडेल १९ मध्ये १२५ ग्रेनच्या जोरदार गोळ्यांनी असा तडा जाण्याचा प्रकार सर्वश्रुत आहे. गोळी बदलून यातलं काही सुधारत नाही, आणि घरची कानस लावली तर बंदूकच जाते.

जखमी हरणाचा माग दोन-तीनशे यार्डांनंतर हरवला तर चार मित्र बोलावून जंगल तुडवू नका. वास पुसला जातो. शेवटच्या थेंबापाशी चिंधी बांधून खूण करा आणि साखळीच्या कुत्र्याने माग काढणाऱ्याला फोन करा. युनायटेड ब्लड ट्रॅकर्सच्या यादीत राज्यवार माणसं मिळतात. हा प्रकार तुमच्या राज्यात चालतो का ते हंगामाआधीच बघून ठेवा. हरीण शेजारच्या जमिनीत गेलं असेल तर मालकाची परवानगी आधी. ती मिळाली नाही तर वनरक्षकाला कळवा.